धूर बाहेर, हवा आत : झरोक्याचे माप

हिवाळ्यात बोरगाव-सौंसर परिसरातील खोकल्याच्या रुग्णांना मी त्यांच्या चुलीविषयी आवर्जून विचारतो. एका घरी धुराडे असूनही धूर खोलीतच कोंडत होता. थंडीमुळे दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या. धुराड्यातून जेवढी हवा वर जावी, तेवढी बाहेरून आत आलीच पाहिजे.

एक किलो सुके लाकूड जळण्यास सुमारे 5 घनमीटर हवा लागते. उघडी चूल त्याहून कितीतरी अधिक ओढते. चौपट धरल्यास, ताशी 2 किलो लाकडास 40 घनमीटर हवा हवी. ती सेकंदाला 1 मीटर वेगाने येण्यास सुमारे 12 सेंमी व्यासाचा मोकळा झरोका लागतो. त्याऐवजी 6 सेंमीच्या दोन नळ्या पुरत नाहीत, चार लागतात. कारण व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होते. जाळी बसविल्यास माप वाढवावे.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा 200 हून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. म्हणून बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून कोणीही झोपू नये. डॉक्टर मित्रांनीही खोकल्याचे औषध लिहिताना घरातील झरोक्याची चौकशी करावी, ही विनंती.