शेतकामें सोंपवितांना

शेतीचा धंदा एकट्याच्या हातानें कधींच झाला नाहीं. पूर्वीं सुतार औत भरून देई, लोहार फाळ पाजवी, चांभार मोट शिवी, आणि ह्या सर्वांस खळ्यावर बलुतें मिळे. नांगरटीस उशीर झाला तर शेजारीपाजारी इर्जिकीस येत व यजमान त्यांस पोटभर जेवूं घाली. त्र्यंबक नारायण आत्रे ह्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ ह्या ग्रंथांत ह्या व्यवस्थेचें तिच्या दोषांसह वर्णन आहे. ती व्यवस्था जातीनें बांधलेली होती. ती मोडली हें बरेंच झालें. परंतु कोणीं कोणतें काम करावयाचें व त्याचा मोबदला केव्हां द्यावयाचा हें तींत सर्वांस आधींपासून ठाऊक असे. आज तो करार प्रत्येक शेतकऱ्यास प्रत्येक हंगामांत नव्यानें करावा लागतो. ट्रॅक्टरवाला, मळणीयंत्रवाला, फवारणी करणारा, ऊसतोडीची टोळी, रोपवाटिकेचा मालक, अडत्या, इतक्या जणांच्या हातून आमचें पीक जातें. आणि बहुतेक ठिकाणीं बोलणें होतें तें एका दराचें.

ह्या बाबतींत आमच्यांत दोन टोकें आढळतात. कांहींजण ‘आपला हात जगन्नाथ’ म्हणून सर्व कामें अंगावर घेतात व त्यामुळें एकही वेळेवर होत नाहीं. दुसरे कांहीं तालुक्याच्या गांवीं बसून उंटावरून शेळ्या हाकतात. दोघांचें नुकसान एकाच कारणानें होतें. काम देण्यापूर्वीं तें काम कोणत्या जातीचें आहे ह्याचा विचार दोघेही करीत नाहींत. तो विचार कसा करावा हें ह्या लेखांत थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

१. कामाची पारख

कोणतेंही काम दुसऱ्याकडे देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. काम बिघडलें तर तो बिघाड काम संपल्याबरोबर डोळ्यांस दिसेल काय? दिसल्यास तो त्याच हंगामांत दुरुस्त होईल काय? आणि बिघडल्यास झीज कोणास सोसावी लागेल?

नांगरट, बांधबंदिस्ती, चर खणणें, काडीकचरा वेंचणें हीं कामें पहिल्या प्रश्नास उतरतात. नांगरटीची खोली काठी खोंचून पाहतां येते. चराची लांबीरुंदी मोजतां येते. कमी भरलें तर पुन्हां करवून घेतां येतें. अशीं कामें खुशाल उक्तीं द्यावीं.

बीजप्रक्रिया, पेरणी, खताची मात्रा, पाण्याची पाळी आणि फवारणी ह्यांची गोष्ट निराळी आहे. हीं कामें चांगलीं झालीं कीं वाईट हें त्या दिवशीं शेतांत उभें राहून कळत नाहीं. सोयाबीनचें उदाहरण घ्या. त्याचें बीं तीन ते चार सेंटिमीटर खोल पडावें. ट्रॅक्टरवाल्यास लवकर दुसऱ्या शेतांत जावयाचें असलें व फण खोल गेले, तर वरून शेत सारखेंच दिसतें. आठ दिवसांनीं नांगे पडलेले दिसतात, आणि तोंपर्यंत वाफसा गेलेला असतो. झीज सगळी शेतकऱ्याची. पेरणाऱ्याचे पैसे त्याच संध्याकाळीं चुकते झालेले असतात. म्हणून पेरणीयंत्र भाड्यानें आणावें, परंतु त्यामागून चालण्याचें काम भाड्यानें देऊं नये. पहिल्या चार तासांत जागोजाग माती उकरून बीं किती खोल पडलें तें पाहावें व तेथेंच यंत्र बसवून घ्यावें.

२. जशी मजुरी तसें काम

मजुरीचा प्रकार हा सुद्धां एक हुकूमच असतो. रोजानें लावलेला मनुष्य काम लांबवील. उक्त्यानें घेतलेला तें उरकील. ह्यांत कोणाची लबाडी आहे असें नव्हे. आपण ज्याचे पैसे देतों तेंच आपल्यास मिळतें. म्हणून ज्या कामांत घाई चालते तें उक्तें द्यावें आणि ज्यांत घाई घातक तें रोजानें द्यावें. द्राक्षाची छाटणी, कलम बांधणें, मिरचीचीं रोपें लावणें हीं कामें रोजानें करविलेलींच बरीं. तीं उक्तीं दिल्याविना गत्यंतर नसेल तर दराबरोबर गुणाची अटही आधीं ठरवावी.

सोयाबीनच्या मळणींत ही गोष्ट स्पष्ट दिसते. मळणीयंत्राचा मालक पोत्यामागें पैसे घेतो. साहजिकच तो ड्रम जोरानें फिरवितो. माल गिरणीस जावयाचा असेल तर थोडी फूट खपून जाते. परंतु त्यांतलें कांहीं बियाण्यासाठीं ठेवावयाचें असेल तर हीच गती घात करिते, कारण सोयाबीनचें टरफल अतिशय पातळ असून माराबरोबर आंतला अंकुर दुखावतो व बाहेरून दाणा धड दिसतो. बियाण्याच्या मळणीसाठीं ड्रमचे फेरे मिनिटास चारशेंच्या आसपास ठेवणें हितावह असतें. तेव्हां बियाण्याचा ढीग वेगळा मांडावा, तो अगोदर मळून घ्यावा आणि त्या पोत्यांस दर थोडा अधिक द्यावा. हे चार पैसे कोठें जातात असें वाटत असेल त्यानें पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे व त्यांतले सत्तर तरी उगवतात कीं नाहीं तें मोजावें.

उसाचेंही तसेंच आहे. महाराष्ट्रांत तोडणी व वाहतूक बहुधा कारखान्यामार्फत होते आणि तिचा खर्च उसाच्या पैशांतून वजा होतो. म्हणजे हात टोळीचे, बंदोबस्त कारखान्याचा आणि पैसा आमचा. अशा तिहेरी कामांत प्रत्येकास वाटतें कीं देखरेख दुसऱ्यानें करावी. टोळीस मजुरी वजनावर असल्यामुळें बुडखा उंच ठेवण्यांत तिचाही तोटाच आहे. तरी थकव्यानें कोयता वर बसतो. उसाच्या बुडाकडील कांड्यांत साखर अधिक असते, आणि उंच राहिलेल्या बुडख्यामुळें खोडव्याचे फुटवेही जोमदार येत नाहींत. तोडीच्या पहिल्या सकाळीं मालकानें स्वतः फडांत उभें राहून जमिनीलगत तोड करून दाखवावी, पिण्याच्या पाण्याची व सावलीची सोय आधीं करून ठेवावी, आणि तुटलेला ऊस शेतांत वाळत न पडतां चोवीस तासांच्या आंत गाळपास जाईल ह्यासाठीं वाहनाची चौकशी आदल्या दिवशींच करावी.

३. यंत्र विकत घ्यावें कीं भाड्यानें आणावें

येथें हौसेपेक्षां हिशेबास मान द्यावा. समजा, ट्रॅक्टराचें व्याज, घसारा, विमा व निवारा मिळून वर्षाचा ठराविक खर्च ९०,००० रुपये येतो. डिझेल व चालक धरून तासाचा चालू खर्च ५०० रुपये होतो आणि गांवांत भाड्याचा दर तासास १,००० रुपये आहे. ह्याचा अर्थ घरच्या ट्रॅक्टरानें दर तासास ५०० रुपये वांचतात. म्हणून ९०,००० भरून निघण्यास वर्षांत १८० तास काम पाहिजे. ज्याचें काम साठ तासांचें आहे त्यास घरचा ट्रॅक्टर १,२०,००० रुपयांस पडेल व भाड्याचा ६०,००० रुपयांस. आंकडे ज्यानें त्यानें आपल्या गांवचे घालावे, रीत हीच.

ह्या हिशेबाच्या उलट एक बाजू आहे. वाफसा कोणाची वाट पाहत नाहीं. मृगाच्या पावसावर साऱ्या गांवास एकाच दिवशीं पेरणीयंत्र पाहिजे असतें, आणि चार दिवस मागें पडण्याची किंमत कधीं कधीं वर्षाच्या भाड्याहून अधिक होते. त्यावर उपाय असा कीं, वेळेस बांधलेलें काम ज्या अवजारानें होतें तें अवजार घरीं असावें, मग तें बैलांची पाभर कां असेना. आणि नांगरटीसारखें मागेंपुढें होऊं शकणारें काम भाड्यावर सोडावें. पांच-सहा शेतकऱ्यांनीं मिळून एक यंत्र घेतल्यास पाळीचा क्रम चिठ्ठ्या टाकून आधींच लिहून ठेवावा. तो वफ्यावर ठरवूं म्हटलें कीं भाऊबंदकी आलीच.

४. जें सोंपवितां येत नाहीं

२०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों लोकांस रुग्णालयांत न्यावें लागलें. त्या वर्षीं कपाशी पुरुषभर वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, औषधांची मनास येईल तशी मिसळ होत होती आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते. हा प्रसंग कोणीही शेतकऱ्यानें विसरूं नये.

फवारणी हें काम पंपामागें दर ठरवून देण्याची चाल पडली आहे. वर सांगितलेला नियम येथें भीषण रीतीनें खरा ठरतो: पंपामागें पैसे म्हटले कीं मनुष्य ऊन पाहत नाहीं, वारा पाहत नाहीं, हात धुण्यासही थांबत नाहीं. बिघाड त्या दिवशीं दिसत नाहीं, दुरुस्त होत नाहीं, आणि झीज सोसणारा तो मजूर व त्याचें घर असतें. कीटकनाशक नियम, १९७१ ह्यांत फवारणाऱ्यास संरक्षक पोशाख पुरविण्याची तरतूद आहे; परंतु नियम नसता तरीही आमचें कर्तव्य तेंच होतें. म्हणून फवारणी रोजानें द्यावी. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, बूट, साबण व पाणी मालकानें द्यावें. औषध मालकानें स्वतः मोजून द्यावें. डब्यावरील त्रिकोण तांबडा असेल तर विष अत्यंत जहाल, पिवळा असेल तर त्याखालोखाल, त्यानंतर निळा व शेवटीं हिरवा, हें फवारणाऱ्यास दाखवावें. कोणास मळमळ किंवा भोंवळ आली तर काम तत्काळ थांबवून डब्यावरील चिठ्ठीसह त्यास दवाखान्यांत न्यावें. उतारा त्याच चिठ्ठीवर लिहिलेला असतो. ‘मी गुत्तें दिलें होतें’ हें उत्तर त्या मजुराच्या अंगणांत उभें राहून देतां येण्याजोगें नाहीं.

५. विक्रीचें काम

पीक आल्यावर सर्वांत मोठें काम आपण परक्याकडे सोंपवितों तें विक्रीचें. ह्या बाबतींत तत्कालीन मुंबई इलाख्यांतील खेडा जिल्ह्याचा दाखला मननीय आहे. तेथील दूध खाजगी ठेकेदाराच्या हातून मुंबईस जाई. दरही त्यांचा, मापही त्यांचें. गवळी शेतकऱ्यांनीं दूध घालण्याचें बंद केलें आणि १४ डिसेंबर १९४६ रोजीं आणंद येथें आपला सहकारी संघ नोंदविला. त्रिभुवनदास पटेल त्याचे अध्यक्ष होते. पुढें त्यांनीं १९४९ सालीं आणंदास आलेल्या वर्गीस कुरियन ह्या जाणत्या मनुष्याच्या हातीं कारखान्याचा कारभार सोंपविला. दूध आटविण्याचीं यंत्रें चालविण्यास सभासद गेले नाहींत. परंतु गांवच्या सोसायटींत रोज आपल्या डोळ्यांदेखत माप व स्निग्धांश पाहणें आणि आपले पंच निवडणें ह्या दोन गोष्टी त्यांनीं हातच्या सोडल्या नाहींत. कौशल्याचें काम कुशल माणसास दिलें. माप व मत आपल्यापाशीं ठेवलें.

२००२ सालच्या दुरुस्तीनें कंपनी कायद्यांत उत्पादकांच्या कंपन्यांची सोय झाल्यापासून हा मार्ग आमच्याकडेही मोकळा आहे. एकट्यानें विकणाऱ्यानेंही निदान एवढें करावें: माल घरीं तोलून, पोतीं मोजून मगच बाजारांत पाठवावा, आणि पट्टी आल्यावर तिच्याशीं ताडून पाहावा.

६. सांगण्याची रीत

कामाबरोबर साधन व अधिकार दिला पाहिजे. पाडव्यास सालगडी ठेवला, बैल त्याच्या हवालीं केले, परंतु पेंडीच्या कोठीची किल्ली धन्याच्या कमरेस राहिली, तर बैल उपाशी राहिल्याचा दोष कोणाचा? काय करावें इतकेंच न सांगतां कां करावें हेंही सांगावें. कारण कळलेला मनुष्य धनी नसतांनाही योग्य तेंच करितो. पहिला तास आपण धरून दाखवावा, दुसरा त्यास धरावयास लावावा. काम, दर, अट व दिलेली उचल एका वहींत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्या. मजुरी ठरल्या दिवशीं द्यावी. वेळेवर पैसे देणाऱ्याकडे ऐन हंगामांत माणसें आपण होऊन येतात.

शेवटीं एक गोष्ट घरांतली. जें काम आम्ही ‘घरचें’ म्हणून हिशेबांत धरीत नाहीं तेंही सोंपविलेलेंच असतें. खुरपणी, धार काढणें, बियाणें निवडणें, मजुरांची भाकरी, हीं बहुधा घरच्या स्त्रियांच्या अंगावर पडतात. कृषि खर्च व मूल्य आयोगही उत्पादनखर्च काढतांना घरच्या श्रमाचें मोल धरतो. मग आमच्या वहींत तें कां नसावें? एक महिना तें मांडून पाहावें. पुष्कळ घरांत असें दिसून येईल कीं मजूर लावावयाचें पहिलें काम शेतांत नसून घरांत आहे.

येत्या पाडव्यापूर्वीं प्रत्येकानें वहीचें एक पान घेऊन त्याचे तीन रकाने पाडावे: उक्तें द्यावयाचें, रोजानें करावयाचें आणि स्वतः पाहावयाचें. वर्षाचीं सर्व कामें त्यांत मांडावीं. तिसरा रकाना लहान असावा, परंतु तो रिकामा नसावा. आणि त्यांत बियाणें, माप, हिशेब व माणसाचा जीव हीं चार नांवें पहिल्यानें लिहावीं.