श्रीविठ्ठलाचा पलंग : पंढरपूरच्या यात्रेतील एक परंपरा

महाराष्ट्राचे आराध्य दैवत श्रीविठ्ठल सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर क्षेत्री, भीमेच्या तीरी विटेवर उभे आहे. येथे नदीने चंद्रकोरीसारखे वळण घेतल्याने तिला चंद्रभागा असे म्हणतात.

मंदिरात श्रींचे नित्योपचार राजवैभवाने चालतात. पहाटे काकडआरती, नंतर नित्यपूजा, मध्यान्ही महानैवेद्य, पुढे पोशाख, सायंकाळी धूपारती व रात्री शेजारती असा क्रम असतो. शेजारतीनंतर देव शेजघरातील पलंगावर निद्रा घेतात, अशी श्रद्धा आहे.

आषाढी व कार्तिकी यात्रेत मात्र हा क्रम बदलतो. एकादशीच्या काही दिवस आधी शुभमुहूर्तावर श्रींचा पलंग काढला जातो. दिवसरात्र उभ्या राहणाऱ्या देवाला टेकता यावे म्हणून पाठीशी मऊ लोड ठेवतात. शेजारतीसह बहुतेक राजोपचार थांबतात आणि चोवीस तास दर्शन सुरू राहते. शेकडो मैल पायी आलेला वारकरी दर्शनावाचून परतू नये, म्हणून देवच आपली निद्रा सोडतो, असा यामागील भाव आहे.

यात्रा संपल्यावर प्रक्षाळपूजा होते. श्रींच्या चरणांना लिंबू-साखर चोळून गरम पाण्याने स्नान घालतात. रात्री सुंठ, मिरे, लवंग, वेलदोडे इत्यादींचा काढा दाखवून श्रमपरिहार करतात. पलंग पुन्हा शेजघरात येतो आणि नित्योपचार पूर्ववत सुरू होतात.

सर्वांसाठी जागणाऱ्या या देवाचे दार मात्र सर्वांना खुले नव्हते. महाद्वारी संत नामदेवांची पायरी आहे. तिच्यासमोर, मंदिराबाहेर संत चोखामेळा यांची समाधी आहे. जन्माने अस्पृश्य ठरविलेल्या या थोर भक्ताला मंदिरात प्रवेश नव्हता. मे १९४७ मध्ये सानेगुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले व त्यानंतर हे दार हरिजनांना खुले झाले. पलंगाच्या परंपरेतील भाव तेव्हा कोठे पूर्णत्वास गेला.

भाविकांनी महाद्वारी दोन्ही संतांना वंदन करून दर्शनबारीत उभे राहावे. वृद्ध व अशक्त यात्रेकरूंना पुढे वाट द्यावी. गाभाऱ्यात चरणांवर माथा टेकवून लगेच पुढे सरकावे. शेवटच्या भाविकासाठी देव उभा आहे. त्याच्यापर्यंत दर्शन पोहोचविणे, ही प्रत्येक यात्रेकरूची सेवा होय.