विजेच्या मोटारीस वीज कशी भरावी?

पेट्रोलची टाकी पाच मिनिटांत भरते. विजेच्या मोटारीचे तसे नाही. तिला वीज भरण्यास वेळ लागतो, आणि त्या वेळेचे गणित ज्यास साधले तोच नवा चालक निश्चिंत राहतो.

२०२० साली विक्रीस आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही मोटारीच्या बॅटरीत ३०.२ युनिट वीज मावत असे. घरातील १५ अँपिअरच्या प्लगमधून ताशी सुमारे ३ युनिट मिळतात. अर्थात रिकामी बॅटरी भरण्यास रात्रभर, म्हणजे दहा तास तरी लागतात.

आता हिशेब करू. अहमदपुराहून चाकूरमार्गे लातुरास जाऊन येणे सुमारे १३० किलोमीटर होते. युनिटास ६ किलोमीटर धरले तर २२ युनिट खर्च होतील व आठ शिल्लक राहतील. परंतु अर्ध्याच बॅटरीवर निघालेला मनुष्य ९० किलोमीटरांवर, परतीच्या वाटेतच, अडकेल!

रस्त्यावरील शीघ्र चार्जर हे काम पुष्कळ लवकर करितो. तथापि घागर काठोकाठ येताना आपण धार बारीक करितो, तद्वत् शेकडा ८० भरल्यानंतर वीज सावकाश जाते. यास्तव प्रवासात तेथेच थांबून पुढे निघावे.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. घरच्या प्लगास उत्तम अर्थिंग असलेच पाहिजे, आणि बारीक वायरीची जोडणी कदापि वापरू नये. ती रात्रभर तापून पेट घेऊ शकते. गणित चुकले तर खोळंबा होतो. येथे चुकले तर प्राणावर बेतते.