हिमालयातील यात्रा आणि हिमस्खलन : भाविकांसाठी आवश्यक माहिती

श्रीकेदारनाथाचे मंदिर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. भाऊबीजेस मंदिराचे कपाट बंद होते आणि भगवंताची उत्सवमूर्ती उखीमठ येथील ओंकारेश्वर मंदिरात आणली जाते. श्रीबद्रीनाथाची हिवाळी उपासना पांडुकेश्वर व ज्योतिर्मठ येथे, गंगामातेची मुखबा येथे, तर यमुनामातेची खरसाली येथे होते. या परंपरेत श्रद्धेबरोबरच पर्वताच्या स्वभावाचे ज्ञानही आहे. दि. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळील माणा येथे मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन झाले. ५४ जण त्यात सापडले व आठ जणांना प्राणास मुकावे लागले.

हिमस्खलन कसे होते?

हिवाळ्यात बर्फ एकावर एक थरांनी साचतो. कडाक्याच्या थंडीत आतील एखाद्या थराचे साखरेसारखे सुटे दाणे बनतात व तो थर वरचा भार पेलू शकत नाही. त्यावर नवा बर्फ पडला की वरचा थर अखंड फळीसारखा निसटतो. ३० ते ४५ अंश उताराच्या बाजू याबाबतीत सर्वाधिक धोक्याच्या असतात. मोठ्या हिमवर्षावानंतरचे पहिले एक-दोन दिवस विशेष जपावे लागते. वसंत ऋतूत दुपारच्या उन्हाने बर्फ ओला व जड होऊन घसरतो. मोठ्या आवाजाने बर्फ कोसळतो, हा समज मात्र खरा नाही.

कपाट उघडल्यानंतरही सावधानता

यात्रा सुरू होते तेव्हा हिवाळा पुरता सरलेला नसतो. सन २०१३ च्या महापुरात रामबाडा उद्ध्वस्त झाल्यावर केदारनाथचा नवा मार्ग मंदाकिनीच्या दुसऱ्या तीरावरून लिंचोलीमार्गे काढण्यात आला. तो भैरव, कुबेर आदी घळी ओलांडून जातो. या घळींना तेथे 'गदेरा' म्हणतात. वरच्या उतारांवरील बर्फ याच घळींतून खाली येतो. मे २०२३ मध्ये तेथे बर्फ कोसळून वाट बंद झाली होती. हेमकुंडाच्या वाटेवर अटलाकोटी येथे जून २०२३ मध्ये अशाच घटनेत एका यात्रेकरू महिलेचा मृत्यू झाला.

भाविकांनी पाळावयाचे नियम

१. चंदीगड येथील संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था जिल्हावार हिमस्खलनाचा इशारा प्रसिद्ध करते. तो व हवामानाचा अंदाज निघण्यापूर्वी पाहावा.

२. बर्फाच्या घळी शक्यतो सकाळी ओलांडाव्यात. त्या वेळी बर्फ घट्ट, पण निसरडा असतो; म्हणून काठी व खाचदार तळाचे बूट अवश्य वापरावेत.

३. घळ एकेकाने, अंतर ठेवून ओलांडावी. तेथे विसावा घेऊ नये, छायाचित्रे काढू नयेत.

४. ओढ्यावर साचलेल्या बर्फावरून आखलेली वाट सोडून जाऊ नये. खालून तो पोकळ असतो.

५. बर्फ अंगावर आल्यास बाजूस पळावे. गाडले जाण्याची वेळ आल्यास दोन्ही हात तोंडापुढे धरून श्वासापुरती जागा राखावी.

६. सोबती शेवटी जेथे दिसला, ती जागा ध्यानात ठेवून वरून पुन्हा बर्फ येत नसल्याची खात्री करावी व त्या जागेपासून खालच्या दिशेने लगेच शोध सुरू करावा. पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. एकाने ११२ या क्रमांकावर कळवावे.

विशेष विनंती

महाराष्ट्रातून जाणाऱ्या बहुतेक भाविकांचे परतीचे आरक्षण आधीच ठरलेले असते. गाडी चुकेल या भीतीने बंद वाटेवरही पुढे जाण्याचा आग्रह धरला जातो. यास्तव प्रवास ठरवितानाच दोन दिवस अधिक राखून ठेवावेत. पोलीस वा आपत्ती निवारण दलाच्या जवानांनी गौरीकुंड किंवा सोनप्रयाग येथे थांबविल्यास त्यांच्याशी वाद घालू नये. वाट खुली न झाल्यास वृद्ध व बालकांसह तेथूनच माघारी फिरावे. हिवाळ्यात निघणाऱ्यांनी उखीमठ, पांडुकेश्वर, मुखबा व खरसाली येथे पूजा-दर्शन घ्यावे. तेथेही हिमवर्षाव होऊ शकतो. तेव्हा रस्त्याची चौकशी करूनच निघावे.