फितीआधी वही

लहानपणी पाहिलेली बाहुल्यांची एखादी मालिका आता कुठेच सापडत नाही, असे कळल्यावर माणूस पहिली धाव घेतो ती दूरचित्रवाणी केंद्राकडे. पत्र लिहितो, उत्तराची वाट पाहतो, आणि ‘आमच्या संग्रहात नाही’ असे उत्तर आले की फाइल बंद करतो. ही या शोधातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे, असे माझे ठाम मत आहे. केंद्राचा नकार एवढेच सांगतो की ज्याच्यावर जपण्याची जबाबदारी होती त्याने ती वस्तू जपली नाही. ज्याला त्या बाहुल्यांचा लळा होता त्याने काय जपले, याबद्दल तो नकार काहीच सांगत नाही. आणि लळा असलेल्यांनी जपलेली गोष्ट बहुतेक वेळा चित्रफीत नसते. ती वही असते, संहितेची चुरगळलेली प्रत असते, दूरचित्रवाणी संचाशेजारी ठेवलेल्या टेपरेकॉर्डरवर उतरवलेला आवाज असतो, कधी नुसती बाहुली असते. म्हणून आधी कागद शोधावा, मग आवाज आणि चित्र शेवटी. हा क्रम उलटा वाटेल, पण जपानमधल्या काही मालिकांचे काय झाले ते पाहिले की तो पटतो.

एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने एप्रिल १९६४ मध्ये ‘ह्योक्कोरी ह्योतानजिमा’ ही मालिका सुरू केली. मध्ये चिमटलेल्या तुंब्यासारख्या आकाराचे एक बेट. तिथे एक शिक्षिका मुलांना घेऊन सहलीला येते, ज्वालामुखी उसळतो, बेट मुळापासून सुटते आणि समुद्रावर तरंगत निघते. हिसाशी इनोउए आणि मोरिहिसा यामामोतो यांचे लेखन, हितोमिझा या बाहुलीनाट्य मंडळाच्या बाहुल्या. एप्रिल १९६९ पर्यंत पाच वर्षे ती चालली, पंधरा पंधरा मिनिटांचे १२२४ भाग झाले. म्हणजे ३०६ तासांचे काम. त्यातले एनएचकेकडे मूळ स्वरूपात उरले आठ भाग, दोन तासांचे. कारण साधे होते. अँपेक्स या अमेरिकी कंपनीने वापरण्याजोगे व्हिडिओ टेप यंत्र आणले ते १९५६ साली, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे दोन इंच रुंदीची ती फीत इतकी महाग होती की कार्यक्रम दाखवून झाला की तिच्यावर पुढचा कार्यक्रम चढवणे ही जगभरातल्या केंद्रांची रोजची रीत होती. कुणी दुष्टपणे काही जाळले नाही. आपण पाटी पुसून पुढचे गणित मांडतो तसेच ते होते. पुसणाऱ्याला उद्याचा कार्यक्रम दिसत होता, तीस वर्षांनंतर कोणी विचारायला येईल हे दिसत नव्हते.

या मालिकेला १९९१ मध्ये पुन्हा जीव आला, तो मात्र कुठल्या तळघरातल्या फितीमुळे नाही. पहिल्या प्रक्षेपणाच्या वेळी शाळेत जाणारा सातोरू इतो नावाचा एक मुलगा रोज दूरचित्रवाणीसमोर वही घेऊन बसत असे आणि त्या दिवशीची गोष्ट, संवाद, विनोद लिहून ठेवत असे, सोबत चित्रेही काढत असे. तो मोठेपणी लेखक झाला, आणि त्याच्या त्या वह्या मालिका नव्याने उभी करताना मोठा आधार ठरल्या. एनएचकेने निवडक कथानके हितोमिझाच्या बाहुल्यांकडून पुन्हा करवून घेतली. ज्या संस्थेकडे यंत्रे होती, इमारत होती, पैसा होता, तिच्याकडे आठ भाग. आणि एका मुलाकडे वह्यांची चळत. मला या घटनेतला चमत्कार महत्त्वाचा वाटत नाही, त्यामागचे कारण महत्त्वाचे वाटते. फीत पुन्हा वापरता येत होती म्हणून ती पुसली गेली. लिहून भरलेली वही दुसऱ्या कशाला उपयोगी पडत नाही, म्हणून ती माळ्यावर राहते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: दहा-बारा वर्षांच्या मुलाने घाईघाईने लिहिलेले टिपण पुरावा कसे मानायचे? आक्षेपात दम आहे. मूल ऐकण्यात चुकते, आवडलेल्या पात्राचे संवाद सविस्तर लिहिते, नावडत्याचे गाळते, गाण्याची चाल तर कागदावर येतच नाही. पण त्याच दिवशी लिहिलेले टिपण आणि चाळीस वर्षांनी सांगितलेली आठवण यांना एका तराजूत घालता येत नाही. टिपणातली चूक त्या दिवसाची असते, आठवणीतली चूक मधल्या सगळ्या वर्षांची असते. शिवाय टिपण तपासता येते. उरलेल्या मूळ भागांपैकी एखाद्याचे टिपण त्या भागाशेजारी ठेवले की लिहिणारा किती विश्वासू आहे हे कळते, आणि त्याच मापाने बाकीची पाने वाचता येतात. आठवणीला असे माप लावता येत नाही. त्यातही एक धोका आहे, तो शोध घेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावा. नवी आवृत्ती दाखवली गेली की जुन्या प्रेक्षकाच्या मनात दोन्ही मिसळतात. ‘हा प्रसंग मी लहानपणी पाहिला’ असे कोणी मनापासून सांगेल आणि तो प्रसंग १९९१ नंतरचा असेल. सांगणारा खोटे बोलत नसतो. म्हणून साक्ष घेताना आधी विचारावे की नवी मालिका पाहिली होती का, आणि पाहिली असेल तर त्या साक्षीपुढे तशी नोंद करावी. साक्षीदाराला आपल्याकडची छायाचित्रे आधी कधीही दाखवू नयेत. ती पाहिल्यानंतर त्याला जे आठवेल त्यात त्याचे किती आणि आपले किती, हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.

आठवण प्रेक्षकाची असो की खुद्द लेखकाची, नियम तोच. मालिका संपून कितीतरी वर्षे लोटल्यावर इनोउए यांनी सांगितले की बेटावरची माणसे मुळात पहिल्या ज्वालामुखीतच मेली होती, पुढची सारी गोष्ट मृत्यूनंतरची आहे. हे ऐकून अंगावर काटा येतो, आणि ज्या माणसाचे बालपण काही काळ अनाथाश्रमात गेले त्याने आईबाप कुठेच न दिसणारे मुलांचे बेट रचावे याचा अर्थही लागू लागतो. पण शोधकाने इथे थबकले पाहिजे. हे विधान लेखकाच्या मनातल्या कल्पनेचा पुरावा आहे, पडद्यावर त्या वेळी काय दिसले याचा नाही. १९६४ च्या प्रेक्षकाला तसे सुचवले गेले होते का, कोणत्या भागात, कोणत्या शब्दांत, हे ठरवायला मूळ भाग हवेत किंवा त्या दिवसाचे टिपण हवे. मालिका शाबूत असती तर लेखकाचे म्हणणे तिच्याशी ताडून पाहता आले असते. ती नाही म्हणून त्याचे शब्दच तिची जागा घेऊ पाहतात, आणि हा मोह आवरणे फार अवघड असते.

दुसरी खबरदारी सालाची. काय सापडू शकते हे मालिका कोणत्या साली दाखवली यावर ठरते, आणि हा हिशेब आधी न मांडल्यामुळे माणसे वर्षानुवर्षे अस्तित्वातच नसलेली वस्तू शोधतात. १९५० च्या दशकातले पुष्कळ कार्यक्रम थेट दाखवले जात. बाहुल्या कॅमेऱ्यापुढे नाचल्या, घरोघरी दिसल्या आणि संपल्या. दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून मुद्दाम प्रत काढली असेल तरच काही मागे राहणार. त्यानंतरच्या काळात फीत आली, पण प्रेक्षकाच्या घरी चित्र टिपण्याची सोय नव्हती; सोनीचे बेटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये आले. त्यामुळे १९६९ मध्ये संपलेल्या ह्योतानजिमाची घरगुती चित्रफीत शोधणे व्यर्थ आहे, वही आणि आवाज शोधणे सार्थ आहे. एनएचकेचीच ‘शिन हाक्केनदेन’ ही १९७३ ते १९७५ मधली ४६४ भागांची मालिका या सीमारेषेच्या अलीकडेच राहिली. बाकिनच्या जुन्या कादंबरीवर आधारलेली, जुसाबुरो त्सुजिमुरा यांच्या देखण्या बाहुल्यांची, क्यू साकामोतो यांच्या निवेदनाची ही मालिका अतिशय लोकप्रिय होती, तरी तिचे मोजकेच भाग उरले. मात्र पटकथाकार तोरू इशियामा यांनी तिची कादंबरी केली होती, ती आहे. त्याच इशियामांची ‘पुरिन पुरिन मोनोगातारी’ १९७९ ते १९८२ या काळातली, ६५६ भागांची. इथे पारडे फिरते, कारण आता घरात यंत्र आले होते. तिच्या बाहुल्या घडवणारे तोमोनागा यांनी आपल्या कामाची आठवण म्हणून भाग घरी उतरवून ठेवले होते आणि त्या फितींमुळे मालिकेचा मोठा हिस्सा परत मिळाला. बाहुली घडवणाऱ्याच्या घरी विचारायला हवे हे आता आपल्याला उघड वाटते. पण पत्रव्यवहार दिग्दर्शक आणि अधिकारी यांच्याशीच करण्याची सवय इतकी घट्ट असते की पडद्यामागचे हात शेवटी आठवतात. १९८२ मध्ये सुरू झालेली ‘सान्गोकुशी’ ६८ भागांसह पूर्ण शिल्लक आहे. फीत स्वस्त झाली आणि जपण्याची सवय लागली, एवढाच तो फरक.

फीत पुसली जाते, फिल्म मात्र टिकते, असाही एक समज आहे, आणि त्यावर विसंबून राहू नये. इंग्लंडमध्ये जेरी अँडरसन यांनी १९५७ पासून केलेली ‘ट्विझल’ ही बाहुल्यांची मालिका फिल्मवर चित्रित झाली होती. भाग ५२, उरलेला भाग एक. दुसरीकडे बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’चे हरवलेले भाग चित्ररूपात नसले तरी त्या प्रत्येकाचा आवाज शाबूत आहे, कारण घरोघरच्या मुलांनी तो टेपरेकॉर्डरवर धरला होता. साहित्य कोणते वापरले यापेक्षा किती हातांनी किती ठिकाणी धरून ठेवले, यावर टिकणे अवलंबून असते.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. मुलांना पंधरा मिनिटे हसवण्यासाठी केलेल्या गोष्टीवर एवढे कष्ट कशाला, आणि नवी आवृत्ती असताना जुनीचा हट्ट कशाला? मराठी वाचकाला ‘तोत्तोचान’ परकी नाही. ती लिहिणाऱ्या तेत्सुको कुरोयानागी १९६० च्या दशकात एनएचकेच्या ‘बू फू वू’ या बाहुल्यांच्या मालिकेत तीन डुक्करभावंडांपैकी सर्वांत धाकट्याचा आवाज देत असत. युद्धानंतरच्या जपानमध्ये मुलांशी कसे बोलायचे, त्यांच्यापासून काय लपवायचे आणि काय नाही, हे शोधणारी जी माणसे पुस्तके लिहीत होती, तीच या बाहुल्यांमागे उभी होती. पुस्तक ग्रंथालयात सापडते. त्याच माणसांचे दुसरे अर्धे काम पुसले गेले असेल तर आपण त्या काळाचे अर्धेच वाचन करतो. नव्या आवृत्तीविषयी मला आदर आहे, पण तिच्यात १९९१ चा आवाज, १९९१ ची गती आणि त्या वेळी जे बोलणे योग्य वाटले तेच असते. ती मूळची भाची आहे, तिला मूळ म्हणू नये. वहीवरून उभे केलेले काहीही लोकांसमोर ठेवताना कोणता शब्द वहीतला, कोणता संहितेतला आणि कोणता आपला, हे स्पष्ट लिहिले नाही तर पुढच्या शोधकाची वाट आपणच बुजवतो.

फीत सापडलीच तर खरा धोका तेव्हा सुरू होतो. आनंदाच्या भरात ती पहिल्या मिळेल त्या यंत्रात घालणे हा तिचा शेवट ठरू शकतो. आपल्याकडे, विशेषतः कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत कपाटात राहिलेल्या कॅसेटवर पांढरी बुरशी चढते. ती फिरवली की बुरशी यंत्राच्या हेडवर जाते आणि फीत ओरखडते किंवा तुटते. फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती विघटित होऊ लागली आहे, तिला इतर डब्यांपासून दूर ठेवावे. कॅसेटच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची पट्टी शाबूत असेल तर आधी ती तोडावी, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही चढणार नाही. लेबलवर विश्वास ठेवू नये, पण ते काढूही नये. त्यावरचे अक्षर आणि तारीख हाही पुरावा आहे. लेबलवर लग्नाचे नाव असलेल्या कॅसेटच्या शेवटी जुन्या ध्वनिचित्रमुद्रणाची शेपटी उरलेली असू शकते, म्हणून ती शेवटपर्यंत पाहावी. आणि उतरवून घेताना मधल्या जाहिराती, निवेदिकेचे शब्द, घड्याळ कापू नये. प्रसंगाची तारीख बहुतेक वेळा त्यांच्यावरूनच लागते.

हे सारे जपानपुरते नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, म्हणजे घरगुती व्हिडिओच्या आधीची काही वर्षे आपल्याही वाट्याला आली आहेत. त्या वर्षांतले मुलांचे कार्यक्रम आणि बाहुल्यांचे खेळ ज्याला शोधायचे असतील त्याने जुन्या कलावंतांच्या, बाहुल्या शिवणाऱ्यांच्या, पेटी-तबला वाजवणाऱ्यांच्या घरी जावे. ‘तुमच्याकडे कॅसेट आहे का’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येईल आणि ते खरेही असेल. तेव्हा घरात टेपरेकॉर्डर होता का, शाळेच्या वह्या कुठे ठेवल्या आहेत, मानधनाच्या पावत्या, वर्तमानपत्रातली कात्रणे, गाण्यांचे कागद कोणाकडे गेले, असे विचारावे. आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडण्यासाठी स्टूल धरून उभे राहावे.