येवल्याच्या काठाची चौकट

प्रश्न : आईच्या पैठणीच्या काठाची चौकट तिच्या ८ × १० इंची फोटोला करायची आहे. संगणकावर जमेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नक्की जमेल, आणि तयार चौकटींपेक्षा ती शोभेल. फोटोशॉप नसेल तर ‘गिम्प’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

पैठणी सपाट पसरून खिडकीच्या उजेडात अगदी वरून फोटो काढा. फ्लॅश नको, जर पांढरी पडते. त्यातून नक्षीची एकच पूर्ण आवृत्ती क्रॉप करा.

खरी कसोटी कोपऱ्यांची. काठ ४५ अंशांत कापून जोडला तर नक्षी मधेच तुटते. त्यापेक्षा गणित जुळवा. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) तुमची फाइल २४०० × ३००० पिक्सेलची होईल. काठाची रुंदी आणि नक्षीची आवृत्ती ३०० पिक्सेल धरा. चारही कोपऱ्यांत पदरावरच्या मोराचा किंवा कमळाचा चौकोन बसवला की आडव्या बाजूत सहा आणि उभ्या बाजूत आठ आवृत्त्या नेमक्या मावतात. नारळी काठ असेल तर प्रत्येक बाजूची पट्टी फिरवून टोके फोटोकडेच वळवा. साडीतही ती आतच असतात.

चौकट वेगळ्या लेयरवर, मधला भाग पारदर्शक ठेवून पीएनजीमध्ये सेव्ह करा. जेपीजीमध्ये पारदर्शकता टिकत नाही. छपाईआधी कडेने ३ मिलिमीटर जादा रंग सोडा, नाहीतर कटिंग जरा सरकले तरी कडेला पांढरी रेघ दिसते.