वजन घटवण्याचं इंजेक्शन औषध दुकानात बनवून मिळेल का?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत असते. वजन कमी करायचं इंजेक्शन ती तिथल्या फार्मसीत तयार करून घेते, कंपनीच्या औषधापेक्षा स्वस्त पडतं म्हणून. आता तिच्या राज्यात अशा फार्मसींवर बंधनं घालणारा कायदा येऊ घातलाय. तिचा त्याला विरोध आहे. इकडे साताऱ्यात माझ्या भावाला डॉक्टरांनी मौंजारो हे असंच इंजेक्शन लिहून दिलंय. आपला दुकानदार ते स्वस्तात बनवून देईल का? आणि मुलीचा विरोध योग्य आहे का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : भावाला आधी सांगा, नाही. टोचायचं औषध तयार करायला निर्जंतुक खोली लागते, कच्चा माल तपासावा लागतो आणि उत्पादनाचा वेगळा परवाना लागतो. यातलं काहीच किरकोळ दुकानाकडे नसतं.

पण औषध बनवून देणं आपल्याकडे बेकायदा आहे, असं समजू नका. 1948 च्या फार्मसी कायद्याने चिठ्ठीप्रमाणे औषध मिसळून देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडेच सोपवलं आहे. 1945 च्या औषध नियमांनुसार तशी सोय असलेल्या दुकानालाच ‘फार्मसी’ किंवा ‘डिस्पेन्सिंग केमिस्ट’ अशी पाटी लावता येते. फार्मासिस्ट असून ती सोय नसेल, तर ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’. कागदी पट्टीने डोस दाखवलेली मिक्स्चरची बाटली जुन्या वाचकांना आठवत असेल. कराड-सांगलीच्या औषधनिर्माण महाविद्यालयांत मुलं आजही खल घेऊन मिक्स्चर आणि मलम करायला शिकतात. ही विद्या टिकायलाच हवी. तान्ह्या बाळाला मोठ्यांच्या गोळीचा छोटासा अंश हवा असतो, कुणाला गोळीतला रंग सोसत नाही. अशांसाठी कारखाना वेगळी गोळी काढत नाही.

म्हणून सरसकट बंदीला मुलीचा विरोध असेल, तर मी तिच्या बाजूने आहे. तपासणीलाच विरोध असेल, तर मुळीच नाही. अमेरिकेत सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या औषधाचा तुटवडा होता तोवर फार्मसींना त्याच्या नकला करायची मुभा होती. फेब्रुवारी 2025 मध्ये तुटवडा संपल्याचं जाहीर झालं आणि मे अखेरीपर्यंत ती मुभा गेली. कंपन्यांना यात आपला बाजार राखायचा आहे, हे उघड आहे. पण धोकाही खरा आहे. 2012 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका फार्मसीत बनलेल्या इंजेक्शनांत बुरशी गेली आणि साठाहून अधिक माणसं दगावली. आपल्या मुंबईत 1986 साली जे.जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनने 14 रुग्ण गेले. कच्चा माल न तपासल्याची ती किंमत होती.

औषधं हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे उद्या असं विधेयक आपल्या विधानसभेतही येऊ शकतं. आलं तर इंजेक्शनावर कडक पहारा असावा आणि बाळाच्या पुडीला मोकळीक, असंच मी म्हणेन.

आता भावाच्या खर्चाचं. मार्च 2025 मध्ये मौंजारो भारतात आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमची कुपी 3,500 रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला 14,000. साध्या घराला हे झेपत नाही. याच कामाच्या दुसऱ्या औषधाच्या, म्हणजे सेमाग्लुटाइडच्या, भारतीय पेटंटची मुदत मात्र मार्च 2026 पर्यंतचीच, आणि पेटंट संपलं की इतर कंपन्यांना ते रीतसर परवान्याने बनवता येतं. ते आपल्याला चालेल का, हे भावाने डॉक्टरांनाच विचारावं. तोवर व्हॉट्सॲपवरून, बिलाशिवाय किंवा लेबल नसलेल्या कुपीतून काहीही घेऊ नये. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाच्या 1800222365 या टोल फ्री क्रमांकावर कळवा.